ठेवले आहे, पण सापडत नाही



आपल्यापैकी बहुतेकांच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचे रिकामे डबे असतात. रिकामे म्हणजे आइस्क्रीमपुरते रिकामे. व्हॅनिलाच्या डब्यात खवलेले ओले खोबरे, स्ट्रॉबेरीच्या डब्यात पुरण आणि तिसऱ्या एखाद्या डब्यात गेल्या गणपतीतले मोदकांचे सारण. जिने हे भरून ठेवले तिला प्रत्येक डब्याचा पत्ता तोंडपाठ असतो. पण ती चार दिवस लेकीकडे गेली, की घरातले बाकीचे सगळे फ्रीझरचे दार उघडून नुसते उभे राहतात आणि शेवटी पिझ्झा मागवतात. सामान घरात आहे, जपून ठेवले आहे, खराबही झालेले नाही. फक्त सापडत नाही.

आपल्या मंडळाचे दप्तर नेमके याच अवस्थेत आहे. जुने अंक, नाटकांचे आणि सहलींचे फोटो, भाषणांच्या कॅसेट, गणेशोत्सवाच्या व्हिडिओ टेपा, वर्गणीच्या वह्या, असे सारे सामान तीन घरांच्या लॉफ्टमध्ये खोक्यांत भरून पडले आहे. येत्या वार्षिक सभेपुढे अशी सूचना येणार आहे, की हे सगळे एकदाच स्कॅन करून कॉम्प्युटरात भरावे आणि मग खोकी टाकून द्यावीत. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि ज्यांचे लॉफ्ट आहेत त्यांचा धीरही आता संपत आला आहे. आमचा विरोध स्कॅन करण्याला नाही. 'एकदा कॉम्प्युटरात गेले, की हवे ते सापडेल' असे जे त्याबरोबर सहज बोलले जाते, त्याला आहे. ते खरे नाही. कॉम्प्युटरकडून माहिती शोधून घेण्याची विद्या ज्यांनी उभी केली, त्यांना हे साठ वर्षांपूर्वीच कळून चुकले होते.

दप्तराची देखभाल आम्हा तिघांकडे आहे, म्हणून आमच्याच फजितीपासून सुरुवात करतो. गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या पहिल्या पिढीतल्या एक काकू गेल्या. त्यांच्या लेकीने आम्हांला फोन करून विचारले, की आईचा नाटकातला एखादा फोटो आणि तिने अंकात लिहिलेले काहीतरी मिळेल का, अंत्यविधीच्या वेळी लावायचे आणि वाचायचे आहे. फोटोंची दोन खोकी आमच्या तरुण मंडळींनी आधीच हौसेने स्कॅन केलेली होती. आम्ही तीन संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो. प्रत्येक फोटोला यंत्राने दिलेला एक आकडा होता, त्यापलीकडे काही नाही. काकूंचे नाव घालून शोधले, उत्तर शून्य. एकेक उघडून पाहता पाहता दिवस संपले आणि फोटोवाचून विधी पार पडला. दोन महिन्यांनी दुसरेच काही शोधताना 'इतर' असे लिहिलेल्या एका पाकिटात त्या सापडल्या. नऊवारी नेसून रंगमंचाच्या मधोमध उभ्या. त्यांचे लेखही सापडले. एक 'सौ.' लावून यजमानांच्या नावाने, दुसरा नुसत्या आडनावाने आणि तिसरा 'एक भगिनी' या सहीने. इतकी वर्षे मंडळासाठी खपलेल्या बाईंचे स्वतःचे नाव आमच्या दप्तरात एकदाही लिहिलेले नव्हते. कॉम्प्युटर बिचारा काय शोधणार?

लेकीला आम्ही फोटो पाठवला. तिने आभार मानले. आम्हांला मात्र ते आभार घेताना लाज वाटली.

तेव्हापासून आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते सभेपूर्वी सर्वांसमोर ठेवावे, म्हणून हा लेख.

दुसरे महायुद्ध संपता संपता शास्त्रज्ञांपुढे एक नवीच पंचाईत उभी राहिली. युद्धकाळात संशोधनाचे अहवाल इतके निघाले, की ते वाचणे सोडा, कोणता कुठे आहे हेच कळेना. अमेरिकेत युद्धकाळातल्या संशोधनाची सूत्रे सांभाळणारे व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' या मासिकात एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की ज्ञान भराभर वाढते आहे, पण त्यातून हवे ते काढण्याची आपली साधने मात्र शिडाच्या जहाजांच्या काळातलीच आहेत. त्यांनी एका टेबलाची कल्पना मांडली. टेबलात मायक्रोफिल्मवर सारी पुस्तके, आणि वाचणाऱ्याने एका कागदाची गाठ दुसऱ्याशी बांधत जायचे, म्हणजे पुढच्या वेळी त्याच वाटेने परत जाता येईल. हे टेबल कधी तयार झाले नाही, पण कल्पना लोकांच्या डोक्यात राहिली. पुढे १९५० मध्ये केल्व्हिन मूअर्स या अमेरिकन गृहस्थांनी या साऱ्या खटाटोपाला 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' हे नाव दिले. आपण त्याला 'माहिती शोधून काढणे' म्हणू. साठवणे हा शब्द त्या नावात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साठवणे तेव्हाही जमत होते.

आता जरा आपल्या वाटेवर येऊ. लंडनहून एम वनने उत्तरेकडे जाणारे आपले किती तरी सभासद मिल्टन कीन्सच्या अलीकडे बेडफर्डशरमधल्या क्रॅनफील्ड गावाजवळून जातात. तिथे एका जुन्या विमानतळावर १९४६ मध्ये विमानविद्येचे कॉलेज निघाले. आज ते क्रॅनफील्ड विद्यापीठ आहे. त्या कॉलेजचे ग्रंथपाल होते सिरिल क्लेव्हरडन. तो काळ ग्रंथपालांच्या वादावादीचा होता. पुस्तकांची आणि निबंधांची सूची करण्याच्या पद्धती अनेक, आणि प्रत्येकाला आपलीच पद्धत श्रेष्ठ वाटे. वाद तावातावाने चालत, पण पुरावा कोणाजवळच नसे. क्लेव्हरडन म्हणाले, वाद कशाला, मोजून पाहू.

त्यांनी विमानविद्येवरचे १८,००० निबंध आणि अहवाल घेतले आणि प्रत्येकाची चार वेगवेगळ्या पद्धतींनी नोंद करवली. एक पद्धत दशमान आकड्यांची, दुसरी वर्णानुक्रमे विषयांची, तिसरी पैलू जोडून विषय बांधण्याची आणि चौथी 'युनिटर्म' नावाची, अगदी साधी, नुसते सुटे शब्द टिपण्याची. मग १,२०० प्रश्न तयार करून तपासले, की कोणत्या पद्धतीने योग्य कागद हाती येतो. गंमत म्हणजे यात कॉम्प्युटर नव्हताच. सगळा कारभार कार्डांवर आणि हातांनी. १९६२ मध्ये निकाल बाहेर आला आणि ग्रंथपालांच्या जगात चांगलीच खळबळ उडाली.

निकाल सांगण्यापूर्वी तिसऱ्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण तिचे मूळ आपल्या देशात आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले आणि ते विद्या शिकण्यासाठी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. इथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच नटबोल्ट, पण जोडावे तसे कधी गाडी होते, कधी क्रेन. त्यांच्या मनात आले, की पुस्तकाच्या विषयाचेही असेच का नसावे? आधीच कोरून ठेवलेल्या खणांत पुस्तक कोंबण्यापेक्षा विषयाचे सुटे भाग जोडून त्याचा पत्ता तयार करावा. यातून १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. कोणत्याही विषयाला त्यांनी पाच अंगे मानली: मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिचे काय चालले आहे, कुठे आणि केव्हा. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपण खरेदीला जातो, तिथून हा माणूस एवढे घेऊन गेला.

तर क्रॅनफील्डचा निकाल. आपल्याला अभिमानाने सांगायला आवडले असते, की रंगनाथनांच्या विचारावर बांधलेली पद्धत पहिली आली. तसे झाले नाही. ती चौथी आली. पहिली आली ती युनिटर्म, सुट्या शब्दांची. पण खरी गोष्ट ती नव्हेच. पहिल्या पद्धतीला सुमारे ८२ टक्के वेळा कागद सापडला आणि शेवटच्या पद्धतीला सुमारे ७४ टक्के वेळा. म्हणजे चारही पद्धती जवळपास सारख्याच निघाल्या. ज्यावरून इतकी वर्षे भांडणे चालली होती, त्याने फारसा फरक पडत नव्हता. मग न सापडलेले कागद का सापडले नाहीत, याचाही शोध घेतला गेला. दोष पद्धतीचा असा क्वचितच निघाला. बहुतेक वेळा नोंद करणाऱ्या माणसाने काहीतरी लिहायचे सोडून दिलेले होते. कोणत्या पद्धतीने लिहिले यापेक्षा मुळात लिहिले की नाही, हे महत्त्वाचे ठरले.

आणखी एक बारकावा आपल्या कामाचा आहे. नोंद करणाऱ्यांना प्रत्येक कागदासाठी मुद्दाम वेगवेगळा वेळ देण्यात आला होता, कमीत कमी दोन मिनिटे आणि जास्तीत जास्त सोळा. दोन मिनिटांत केलेल्या नोंदींवरूनही बहुतेक कागद सापडले. म्हणजे थोडक्यात केलेले कामही पुष्कळ उपयोगी पडते. न केलेले काम मात्र अजिबात उपयोगी पडत नाही.

या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. प्रश्न त्याच निबंधांवरून तयार केलेले होते. आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधण्यासारखे ते झाले. खऱ्या आयुष्यात शोधणाऱ्याला काय ठेवले आहे हे माहीत नसते. क्लेव्हरडन यांनी हे मनावर घेतले आणि दुसरा प्रयोग मांडला. या वेळी १,४०० निबंध घेतले. संशोधकांनाच विचारले, की तुम्ही संशोधन करायला बसलात तेव्हा तुमच्या मनात प्रश्न कोणता होता? मग विद्यार्थ्यांना बसवून प्रत्येक प्रश्नापुढे प्रत्येक निबंध तपासून घेतला, आणि कोणता निबंध कितपत कामाचा हे शेवटी प्रश्न विचारणाऱ्याकडूनच ठरवून घेतले. हे काम १९६६ पर्यंत चालले. इथेही कसलेल्या पारिभाषिक सूचीपेक्षा निबंधातले साधे सुटे शब्दच पुढे गेले. एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एकत्र धरली, तर आणखी थोडा फायदा झाला.

आजच्या शोधयंत्रांची परीक्षा अजूनही मुख्यतः याच रीतीने घेतात. आधी ठरलेले कागद, आधी ठरलेले प्रश्न, आणि कोणता कागद कामाचा हे माणसाने सांगितलेले. मोजायच्या गोष्टी दोन. कामाचे जितके होते त्यातले किती हाती आले, आणि हाती जितके आले त्यातले किती कामाचे. फ्रीझरमधून पुरण काढायला सांगितले आणि कोणी सगळेच डबे ओट्यावर मांडले, तर पुरण नक्की मिळाले, पण उपयोग काय? आणि एकच डबा आणला, तो बरोबर निघाला, पण मागे पुरणाचे आणखी तीन डबे राहिले, तर पोळ्या कमी पडणार. या दोन्ही बाजू एकदम सांभाळणे कठीण, हे तेव्हाच दिसून आले.

क्रॅनफील्डच्या कामावर असलेले एफ. डब्ल्यू. लँकेस्टर पुढे अमेरिकेत गेले. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ मध्ये वैद्यकीय निबंध कॉम्प्युटरवर शोधून देण्याची 'मेडलार्स' ही सेवा सुरू केली होती. आपल्यातले डॉक्टर आज ज्या यंत्रणेत निबंध शोधतात तिची ही पूर्वज. लँकेस्टर यांनी १९६६ आणि १९६७ या वर्षांत सुमारे ३०० खऱ्या प्रश्नांवर तिची परीक्षा घेतली. कामाच्या निबंधांपैकी सरासरी ५८ टक्के सापडत होते, आणि जे हाती येत त्यांतले निम्मे कामाचे असत. सभेपुढे आम्हांला हा आकडा मुद्दाम ठेवायचा आहे. डॉक्टरला कागदांचा गठ्ठा मिळत होता, तो समाधानाने घरी जात होता, आणि कामाचे ४२ टक्के कागद आपल्याला मिळालेच नाहीत हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. जे सापडत नाही, ते सापडले नाही हे दिसत नाही. आमच्या काकूंच्या लेकीने विचारले म्हणून आम्हांला कळले. न विचारलेल्या किती जणी त्या 'इतर'च्या पाकिटांत आहेत, कोण जाणे.

आता कोणी म्हणेल, की ती साठ वर्षांपूर्वीची यंत्रे, आज यंत्रे फार हुशार आहेत. आहेतच. पण त्यांची हुशारी कुठून आली ते पाहावे. आयबीएम कंपनीत हान्स पीटर लून नावाचे जर्मनीहून आलेले एक कल्पक गृहस्थ होते. कापडातले धागे मोजण्याची एक पट्टी त्यांनी शोधून काढली होती. पुढे १९५०च्या दशकात त्यांनी धाग्यांऐवजी शब्द मोजायला सुरुवात केली. कोणता शब्द किती वेळा आला, यावरून लेख कशाबद्दल आहे हे यंत्राला कळेल, असा त्यांचा विचार. त्यानंतर केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषींनी १९७२ मध्ये त्यावर एक साधी पण फार मोठी गोष्ट सांगितली. शब्द किती कागदांत येतो तेही पाहा. सगळीकडे येणाऱ्या शब्दाची किंमत कमी, क्वचित येणाऱ्या शब्दाची जास्त. आपल्या अंकांत 'मंडळ', 'कार्यक्रम' आणि 'उपस्थित' हे शब्द पानोपानी आहेत, त्यांवरून काही सापडणार नाही. पण 'खरवस' हा शब्द जर एखाद्याच अंकात असेल, तर तो घातल्याबरोबर तो अंक हाती येईल. ही कल्पना आजही शोधयंत्रांच्या पायात आहे. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांनी १९६०च्या दशकात हार्वर्डला आणि मग कॉर्नेलला 'स्मार्ट' नावाची यंत्रणा उभारून अशाच शब्दांच्या वजनांवर प्रत्येक कागद प्रश्नाच्या किती जवळचा आहे हे मोजून दाखवले.

पण या सगळ्यांच्या युक्तीला मुळात शब्द लागतात. फोटोवर शब्द नाहीत. कॅसेटच्या डबीवर 'ए बाजू' एवढेच आहे. आमचे जुने अंक हाताने लिहून झेरॉक्स काढलेले. त्यांची शाई इतकी उडाली आहे, की आम्हांलाच ते खिडकीपाशी धरून वाचावे लागतात. शिवाय मराठी ही यंत्राला जरा अवघडच जाते. क्रॅनफील्डला शब्दरूपे एकत्र धरण्याचा फायदा थोडा दिसला, तो इंग्रजीत. आपल्याकडे 'पाऊस' शोधला तर 'पावसात' भिजलेली सहल सापडेलच असे नाही, 'भाऊ' शोधला तर 'भावाला' लिहिलेले पत्र निसटू शकते. आणि वर्गणीच्या इंग्रजी वह्यांत तर एकाच आडनावाची तीन तीन स्पेलिंगे आहेत.

आजची यंत्रे छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात, सारखे दिसणारे चेहरे एकत्र लावतात, हे आम्ही वापरून पाहिले आहे. काकूंचा चेहरा यंत्राने आणखी सहा फोटोंत ओळखून दाखवला. पण केव्हा? एका फोटोखाली आम्ही नाव लिहिल्यानंतर. ते पहिले नाव माणसानेच सांगावे लागते. आणि ते सांगू शकणारी माणसे आपल्यात आता मोजकी उरली आहेत. खोकी लॉफ्टवर कदाचित आणखी काही काळ थांबू शकतील. फोटोतल्या मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे ज्यांना माहीत आहे ते दहा वर्षे थांबतील, अशी खात्री आपल्यापैकी कोणीही देऊ शकत नाही.

म्हणून आमचे मत असे. मंडळाने स्कॅनिंगसाठी जे पैसे काढायचे ठरवले आहे ते जरूर काढावेत, पण क्रम बदलावा. आधी नावे, मग स्कॅनिंग. आणि खोकी टाकून देण्याचा विचार तूर्त सोडून द्यावा. मूळ फोटोच्या मागे कोणी पेन्सिलीने खरडलेली तारीख पुढची बाजू स्कॅन केल्याने येत नाही. ज्यांच्या लॉफ्टवर ओझे आहे त्यांच्याकडून एकेक खोके आम्ही आळीपाळीने घेऊ, पाहिजे तर आमच्याच घरी ठेवू.

नावे कशी लिहायची, याचाही विचार केला आहे. आदर्श सूची कशी असावी यावर कमिटीत वाद घालण्यात वेळ दवडू नये, क्रॅनफील्डने तो वाद आपल्यासाठी मिटवला आहे. प्रत्येक फोटोला एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पाच प्रश्न, रंगनाथनांकडून उसने घेऊन आपल्या कामापुरते बदललेले: कोण, कशाचा कार्यक्रम, काय चालले आहे, कुठे, केव्हा. एका फोटोला दोन मिनिटे पुरेत. नक्की आठवत नसेल तर तसे लिहावे, 'बहुधा' हा शब्द चालेल. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात, भांडण चहाच्या वेळी करावे.

एक आग्रह मात्र आहे. बायकांची स्वतःची नावे लिहायची. 'अमक्यांच्या मिसेस' आणि 'तमक्याची आई' हेही लिहावे, कारण कोणी त्या नावानेच शोधायला येईल. माहेरचे नाव, सासरी बदललेले नाव, ज्या नावाने सगळे हाक मारायचे ते नाव, जितकी नावे तितक्या वाटा. पण तिचे स्वतःचे नाव त्यात असलेच पाहिजे. ज्यांना आपले किंवा मुलांचे नाव सूचीत नको असेल त्यांनी तसे सांगावे, त्यांचा मान राखला जाईल.

कामाला माणसे लागतील, आणि आम्हांला वाटते दोन्ही टोकांची लागतील. सांगणारे आजी-आजोबा आणि लिहून घेणारी नातवंडे. नातवंडांचे मराठी अक्षर कसे का असेना, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले तरी पुढे सुधारता येईल. त्यांना फोटोतली माणसे माहीत नाहीत, म्हणूनच ती नेमके प्रश्न विचारतील. आपल्याला इतके माहीत असते, की लिहून ठेवायचे सुचत नाही. फ्रीझरमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या नसतात त्याचेही कारण तेच.

हे सगळे खटपटीचे आहे, याची कल्पना आहे. 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' हे नाव देणाऱ्या मूअर्स यांनीच १९५९ मध्ये बजावले होते, की माहिती मिळवणे हे ती नसण्यापेक्षा जास्त त्रासाचे झाले, तर लोक साधन वापरतच नाहीत. मंडळाचेही तसे होऊ शकते. सगळे स्कॅन करून ठेवू, समारंभाने पेटी उघडू, आणि मग कोणी फिरकणार नाही, कारण पहिल्याच प्रश्नाला उत्तर शून्य येईल. आमच्या तीन संध्याकाळींचा अनुभव आम्हांला पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, निदान ज्यांच्या घरी माणूस गेले आहे त्यांच्या तरी नाही.

वार्षिक सभेत आम्ही वरील बदल सुचवणार आहोत. तोवर वाट पाहण्याचेही कारण नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी हॉलच्या दारापाशी, चपला काढतो त्या बाजूला, एक टेबल मांडून त्यावर पहिले खोके उघडून ठेवू. चिठ्ठ्या आणि पेन्सिली आमच्याकडे असतील, फोटोच्या मागे बॉलपेनने कृपा करून लिहू नये. ज्येष्ठ मंडळींनी जवळचा चष्मा आठवणीने आणावा. 'इतर'चे पाकीट सर्वांत वर ठेवलेले असेल.

वर लिहिण्यात काही चुकले असेल तर कळवावे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. चूकभूल द्यावी घ्यावी.